परत आलेल्यांची कार्यकारिणी

[दृश्य : वॉशिंग्टनमधलं एक सभागृह. खुर्च्यांच्या रांगा. दारापाशी नावनोंदणीचं टेबल.]

जुलै महिना. या खुर्च्यांवर आता येऊन बसतील ती बहुतेक बावीस-पंचवीस वर्षांची मुलंमुली. थोड्याच दिवसांत त्यांचं जपानला जाणारं विमान आहे. जपान सरकारच्या 'जेट' योजनेतून ती तिथल्या शाळांत आणि कचेऱ्यांत कामाला निघालीत. कुणाला ओकायामा मिळालंय, कुणाला आओमोरी, कुणाला नकाशात शोधावं लागावं असं एखादं बेट. पोटात गोळा आलेला आणि डोक्यात प्रश्नांची गर्दी. ऑगस्टच्या उकाड्यात सूट घालावाच लागतो का? बँकेत सहीऐवजी शिक्का लागतो म्हणतात, तो कुठे करून घ्यायचा? शाळेत पहिल्या दिवशी सहकाऱ्यांसाठी घरून खाऊ न्यायचा, तर किती जणांना पुरेल एवढा? मांसमच्छी न खाणाऱ्याचं खेड्यात कसं निभावतं?

दूतावासातल्या अधिकाऱ्यांकडे नियमांची सगळी उत्तरं असतात. या प्रश्नांची उत्तरं मात्र टेबलापलीकडे उभ्या असलेल्या माणसांकडे आहेत. याच योजनेतून जाऊन आलेल्या या माणसांनी तिथले हिवाळे काढलेत. केरोसीनच्या हीटरमध्ये तेल कसं भरायचं आणि झोपण्यापूर्वी तो का बंद करायचा, हे त्यांना ठाऊक आहे. आज ही माणसं कुठे वकिली करतात, कुठे शाळेत शिकवतात, कुठे सरकारी कचेरीत आहेत. सुट्टीचा दिवस मोडून ती इथे आली आहेत आणि याबद्दल त्यांना कुणी एक पैसा देत नाही.

[दृश्य : १९८० च्या दशकातली टोकियोची छायाचित्रं. बंदरात जहाजावर चढणाऱ्या मोटारी.]

गोष्ट सुरू होते १९८७ मध्ये. जपानी मोटारी आणि टीव्ही संच अमेरिकेत धडाक्याने खपत होते आणि व्यापारावरून दोन्ही देशांत चांगलंच वाजत होतं. जपान माल विकतो, पण स्वतःची दारं उघडत नाही, ही तक्रार जगभर होती. पंतप्रधान नाकासोने यांच्या काळात जपानने त्यावर एक उपाय काढला. परदेशातले तरुण पदवीधर बोलवायचे आणि थेट गावोगावच्या शाळांत, नगरपालिकांत नेमायचे. त्या वर्षी अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या चार देशांतून ८४८ जण आले. ही योजना म्हणजे जेट (जपान एक्स्चेंज अँड टीचिंग) प्रोग्रॅम.

योजनेत तीन मंत्रालयांचा हात आहे, पण नेमणूक करतात स्थानिक संस्था. प्रांताचं शिक्षण मंडळ, नगरपालिका, गाव. त्यामुळे ही मुलं टोकियोत गर्दी करून राहिली नाहीत. ज्या गावात कधी परदेशी माणूस पाहिला नव्हता, तिथल्या शाळेत ती जाऊन उभी राहिली. बहुतेक जण इंग्रजीचे सहायक शिक्षक. थोडे जण कचेरीत बसून भाषांतर आणि परदेशी संपर्काचं काम बघणारे. वर्षावर्षाचा करार आणि जास्तीत जास्त पाच वर्षं. आजवर सुमारे ऐंशी देशांतून ७५ हजारांहून अधिक लोक असे जाऊन आले.

जाऊन आले, हे महत्त्वाचं. कारण करार संपला की सरकारचं काम संपतं. एका माणसावर पगार, विमानभाडं, प्रशिक्षण असा एवढा खर्च केलेला. तो माणूस आता भाषा जाणतो, एखाद्या गावातले लोक त्याला नावानिशी ओळखतात, आणि तो ओहायोत किंवा लीड्समध्ये आपल्या घरी परत आलेला आहे. आता त्याचं पुढे काय? हा प्रश्न या परतलेल्यांनी, म्हणजे माजी जेटकरांनी, स्वतःच सोडवायला घेतला. १९८९ मध्ये त्यांची संघटना उभी राहिली. जेट ॲल्युम्नाय असोसिएशन, बोलीत 'जेटा'. आज वेगवेगळ्या देशांत मिळून तिच्या पन्नासच्या आसपास शाखा आहेत. एकट्या अमेरिकेत एकोणीस.

[दृश्य : लॅपटॉपच्या पडद्यावर सात-आठ चौकटी. कुणाच्या मागे स्वयंपाकघर, कुणाच्या मांडीवर मूल.]

शाखेचं बोर्ड म्हणजे आपल्या भाषेत कार्यकारिणी. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार; कार्यक्रम बघणारा एक, वार्तापत्र आणि संकेतस्थळ सांभाळणारा एक. शिकागोतलं असो वा टोकियोतलं, मराठी मंडळाच्या कार्यकारिणीत ज्यांनी एक वर्ष तरी काढलंय, त्यांना या बैठकीत काहीच नवखं वाटणार नाही. मागच्या बैठकीचं इतिवृत्त मंजूर करायचं. सभागृहाचं भाडं वाढलं, मग तिकीट वाढवायचं का, यावर अर्धा तास. कुणीतरी 'मी करतो' म्हणाला होता आणि ते झालेलं नाही.

वर्षाचं चक्र ठरलेलं असतं. जानेवारी-फेब्रुवारीत नव्या अर्जदारांच्या मुलाखती, आणि मुलाखत घेणाऱ्यांत माजी जेटकर असतातच. पाच मिनिटांत ते ओळखतात की समोरच्याला जपान बघायचंय की जपानमध्ये काम करायचंय. वसंतात साकुराचे, म्हणजे चेरीच्या बहराचे उत्सव, तिथे स्वयंसेवक पुरवायचे. उन्हाळ्यात जाणाऱ्यांची तयारी आणि निरोप. शरदात परत आलेल्यांचं स्वागत आणि नोकरीविषयीचं मार्गदर्शन. मधल्या महिन्यांत जपानी गप्पांचा कट्टा, वाचकगट, एखादी संध्याकाळ नुसती जेवायला जमण्याची.

यात सर्वांत अवघड खुर्ची खजिनदाराची. शाखांना जपानच्या वकिलातीमार्फत थोडं अर्थसाहाय्य मिळतं. पैसा सरकारी, म्हणजे नियमही सरकारी. कोणत्या कार्यक्रमाला चालेल, कोणत्या खर्चाला नाही, पावती कशी हवी, अहवाल कधी हवा. जपानचं आर्थिक वर्ष आपल्यासारखंच १ एप्रिलला सुरू होतं, त्यामुळे मार्चएंडची धावपळ तिथेही आहे. अमेरिकेत करसवलत घेतलेल्या शाखेला याखेरीज दरवर्षी तिथल्या कर खात्याकडे विवरण भरावं लागतं. सलग तीन वर्षं ते राहून गेलं, तर सवलत आपोआप रद्द होते. दिवसभर स्वतःची नोकरी करून रात्री साडेदहाला उपाहारगृहाच्या पावत्या जुळवत बसलेल्या माणसावर हे सगळं अवलंबून असतं. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं आपण जरा हिणवूनच म्हणतो. पण भाकऱ्या भाजणारं कुणी नसेल, तर संघटना म्हणजे नुसती नावांची यादी उरते.

[दृश्य : जपानी संसदेची इमारत. वर्तमानपत्रांचे मथळे.]

२००२ मध्ये जेटवर ६,२७३ जण काम करत होते. तो सर्वोच्च आकडा. पुढे गावं एकमेकांत विलीन झाली, पालिकांच्या तिजोऱ्या आटल्या, आणि २०१० पर्यंत तो सुमारे ४,३०० वर आला. नव्या सरकारने २००९ च्या अखेरीस सरकारी योजनांची जाहीर झडती सुरू केली होती. कोणता खर्च ठेवायचा, कोणता उडवायचा, हे तज्ज्ञांची समिती लोकांसमोर ठरवत होती. २०१० मध्ये जेटचाही नंबर लागला. मुलांचं इंग्रजी किती सुधारलं, ते आकड्यांत दाखवा, असा रोख होता.

इथे माजी जेटकर पुढे सरसावले. पत्रं लिहिली गेली, लेख लिहिले गेले, कोण काय करतंय याची माहिती जमवली गेली. व्यापारात, विद्यापीठांत, परराष्ट्रसेवेत, पत्रकारितेत जपानशी जोडलेलं काम करणारी ही माणसं शाखांच्या याद्यांमुळे सापडली. शाळेतल्या गुणपत्रिकेत जे दिसत नव्हतं, ते या याद्यांत दिसत होतं. योजना टिकली, आणि नंतरच्या वर्षांत आकडा पुन्हा पाच हजारांच्या वर गेला. सगळं श्रेय संघटनेचं, असं मी म्हणणार नाही. पण वर्षानुवर्षं पत्ते जपून ठेवणारं कुणी नसतं, तर त्या वेळी साक्ष द्यायला माणसं कुठून आणली असती?

[दृश्य : इशिनोमाकीचा किनारा. शाळेच्या वाचनकोपऱ्यात लाकडी कपाट, त्यात इंग्रजी चित्रपुस्तकं.]

आणि मग ११ मार्च २०११. ईशान्य जपानमधला भूकंप आणि त्सुनामी.

टेलर अँडरसन, वय २४, व्हर्जिनिया राज्यातली. इशिनोमाकीच्या शाळांमध्ये शिकवत होती. भूकंपानंतर तिने मुलांना पालकांच्या हवाली करायला मदत केली आणि सायकलवरून घरी निघाली. ती पोहोचली नाही. माँटी डिक्सन, वय २६, अलास्काचा. रिकुझेनताकाता इथे शिकवत होता. तोही त्सुनामीत गेला. जेटवर असलेले हे दोघे.

टेलरच्या आईवडिलांनी तिच्या नावाने निधी उभा केला आणि ती शिकवायची त्या शाळांना पुस्तकं द्यायचं ठरवलं. पुस्तकं ठेवायला कपाटं हवी होती. ती केली इशिनोमाकीतल्या शिनइची एन्दो या सुताराने. टेलरने त्याच्या मुलांना शिकवलं होतं. त्याची तिन्ही मुलं त्याच लाटेत गेली होती. हे कपाट जवळून बघा. उंची लहान मुलाचा हात पोहोचेल एवढी. लाकूड गुळगुळीत घासलेलं, पुस्तकांची मुखपृष्ठं समोरून दिसतील अशी मांडणी. पुढे एन्दो यांनी अशी कपाटं एकामागून एक शाळांसाठी केली.

अमेरिकेतल्या जेटा शाखा त्या आठवड्यांत मदतनिधी गोळा करत होत्या. प्रत्येकाचं कुठलं ना कुठलं गाव जपानात होतं. बातम्यांत नाव आलं की 'तिथल्या शाळेत मी होतो' म्हणणारं कुणीतरी निघायचंच. पैसा कुठे पोहोचवायचा, कुणाला विचारायचं, जपानीत पत्र कसं लिहायचं, हे सांगणारी माणसं शाखेतच होती. या दोघांच्या स्मरणार्थ जपान फाउंडेशनने पुढे एक उपक्रम सुरू केला. त्यातून अमेरिकेतले जपानी शिकणारे शाळकरी विद्यार्थी उन्हाळ्यात दोन आठवडे जपानला जातात.

[दृश्य : संमेलनाचं सभागृह. छातीवर नावांच्या पट्ट्या.]

शाखा एकोणीस, आणि प्रत्येकीचा कारभार निराळा. एकीकडे हजारो माजी जेटकर, तर दुसरीकडे बोर्डाला चार माणसं मिळण्याची मारामार. सगळ्यांना मिळून एखादी पाठीशी उभी राहणारी संस्था हवी, या विचारातून २०१५ मध्ये अमेरिकेत यूएसजेटा ही राष्ट्रीय संस्था नोंदवली गेली. तिचं संचालक मंडळही स्वयंसेवकांचंच. ती शाखांना छोटी अनुदानं देते, त्यांच्या पदाधिकाऱ्यांना एकत्र बोलावते, आणि सध्या जपानात असलेल्या अमेरिकी जेटकरांना त्यांच्या गावातल्या उपक्रमांसाठी थोडी रक्कम मिळवून देते.

पण पैशापेक्षा मोठी अडचण सगळीकडे एकच आहे, आणि ती मला या साऱ्या विषयाचा गाभा वाटते. बोर्डावरचा माणूस वर्ष-दोन वर्षं राहतो. मग त्याची बदली होते, लग्न होतं, मूल होतं, तो थकतो. त्याच्याबरोबर बँकेतली सही जाते, संकेतस्थळाचा पासवर्ड जातो. वकिलातीतल्या कोणत्या विभागाशी बोलायचं, साकुरा उत्सवाचा अर्ज कधी भरायचा, सवलतीत सभागृह कुणाच्या ओळखीने मिळतं, हेही जातं. नवा अध्यक्ष पहिले सहा महिने हेच पुन्हा शोधण्यात घालवतो. वकिलातीतले अधिकारीही दोन-तीन वर्षांनी बदलतात. दोन्हीकडचे जुने लोक एकाच वर्षी गेले, तर ओळख अ-आ-इपासून सुरू.

ज्या शाखा टिकल्या, त्यांच्याकडे एखादा तेजस्वी अध्यक्ष होता असं दर वेळी दिसत नाही. त्यांच्याकडे हस्तांतराची वही होती. कोणता कार्यक्रम, किती लोक आले, किती खर्च, काय फसलं, पुढच्या वेळी कुणाला फोन करायचा. आणि जुना खजिनदार पद सोडल्यावरही एक मार्चएंड नव्याच्या शेजारी बसला. हे काम कुणाच्या भाषणात येत नाही, त्याचं छायाचित्र निघत नाही. माझ्या मते जपान सरकारने आणि वकिलातींनी मदत द्यायचीच तर ती यालाही द्यावी. नुसती कार्यक्रमांना दिलेली मदत संध्याकाळी संपते.

२०२० मध्ये याचा कस लागला. करोनामुळे सीमा बंद झाल्या, आणि उन्हाळ्यात निघायची नवी तुकडी निवड होऊनही घरीच बसली. काहींनी नोकऱ्या सोडल्या होत्या, घरं रिकामी केली होती. तारीख पुढे, आणखी पुढे. स्नेहमेळावे, निरोपसमारंभ, स्वागतसमारंभ, सगळं पडद्यावर आलं. ताटकळलेल्यांशी बोलायला बसले ते माजी जेटकरच.

[दृश्य : स्वागतसमारंभ. कागदी ताटल्या, ओनिगिरी (भाताचे गोळे). कोपऱ्यात एकटाच उभा असलेला तरुण.]

नवी माणसं बोर्डावर येतात कुठून? बहुतेक इथूनच. परत येऊन महिना-दोन महिने झालेले असतात. घरच्यांनी जपानचे फोटो दोनदा पाहिलेत, तिसऱ्यांदा बघायला कुणाला वेळ नाही. सुपरमार्केटच्या रांगेत अजून मान लवते. नोकरी शोधणं चालू आहे, आणि मुलाखतीत 'तीन वर्षं तिथे नेमकं काय केलंत?' या प्रश्नाशी अडखळायला होतं. इथे मात्र कुणी विचारतं, 'कुठलं गाव?' आणि गावाचं नाव ऐकून म्हणतं, 'तिकडच्या सोबा शेवया छान असतात.' तो तासभर बोलत राहतो.

निघताना उपाध्यक्ष त्याला गाठते. मोठं पद लगेच द्यायचं नाही, हे तिला अनुभवाने कळलेलं असतं. लगेच दिलं की माणूस वर्षात पळतो. ती एवढंच विचारते की पत्त्यांची यादी जुनी झालीय, ती नीट करायला मदत करशील का. तो हो म्हणतो. पुढच्या बैठकीची तारीख त्याला कळवली जाते, आणि मार्चआधी पावत्यांसाठी आणखी एक माणूस लागणार आहे, हेही त्याच वेळी सांगून टाकलं जातं.