पाणी विचारून लडाखला जा

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय आहे 'लडाखचा प्रवास आणि विरळ हवा'. त्यावर बोलणारच आहे, पण आधी पाण्याबद्दल बोलू द्या. लडाखात माणसाने कुठे राहायचं हे पाणी ठरवतं.

लेहला वर्षाकाठी पाऊस-बर्फ मिळून जेमतेम १०० मिलिमीटर पडतं. लोणावळ्यात जुलैतल्या एखाद्या दिवसात याहून जास्त कोसळतो. तरी तिथे जव पिकतो, जर्दाळू लगडतात, सगळं वरच्या बर्फाच्या जिवावर. विमानातून करड्या डोंगरात हिरवा ठिपका दिसला की समजा, वरून ओढा उतरतोय.

आता मला खरं आवडतं ते सांगतो. बऱ्याच गावांत पाणी वाटायला माणूस नेमतात, त्याला छुरपोन म्हणतात. छू म्हणजे पाणी. कुणाची पाळी कधी, हे तो बघतो. ओढ्यातून पाट काढलेले असतात, त्यांना युरा म्हणतात. वाफ्याचं तोंड चपटा दगड, गवताचं ढेकूळ आणि जुन्या चिंध्या कोंबून बंद केलेलं असतं. पाळी आली की बाई फावड्याने ढेकूळ उचलते, दगड सरकवते, वाफा भिजला की पुन्हा लिंपून टाकते. सभागृहात शेतकरी असतील तर ओळखलं असेल, आपण दारं धरतो तेच हे! बर्फ दुपारच्या उन्हात वितळतं, म्हणून ओढा दुपारनंतर फुगतो आणि पहाटे रोडावतो. रात्रीचं पाणी झिंग नावाच्या तळ्यात अडवून सकाळी सोडतात. मनाली-लेह रस्त्यावरचे नाले सकाळी लवकर ओलांडा म्हणतात, तेही याचसाठी.

अडचण येते एप्रिल-मेमध्ये. पेरणीला पाणी हवं, आणि उंचावरचा बर्फ जूनपर्यंत हलत नाही. छेवांग नोरफेल या अभियंत्याने १९८७पासून गावाच्या जवळ, सावलीच्या उतारावर दगडी बांध घालून हिवाळ्यातलं वाहतं पाणी थरांनी गोठवलं. उंची कमी, म्हणून तो बर्फ आधी वितळतो. पुढे सोनम वांगचुक यांनी उभा बर्फाचा स्तूप केला. ओढ्याच्या वरच्या अंगाने नळ आणायचा, पाणी स्वतःच्या दाबाने कारंज्यासारखं उडतं आणि कडाक्याच्या थंडीत गोठतं. पंप लागत नाही. शंकूला ऊन कमी पृष्ठभागावर लागतं, म्हणून तो टिकतो. बिघडतं ते नळात: रात्री प्रवाह मंदावला की पाणी आतच गोठून नळ तुंबतो.

अशा ठिकाणी आपण जातो आणि फ्लश मागतो! याची मला मनापासून खंत आहे. लडाखी घरातला संडास कोरडा असतो: वरच्या मजल्यावर जमिनीला भोक, शेजारी मातीचा ढीग आणि फावडं. वापरून झालं की माती-राख टाकायची. खाली साठलेलं खत वसंतात शेतात जातं. त्यात बादलीभर पाणी ओतलंत की कुजणं बिघडतं आणि दुर्गंधी सुटते. ओले टिश्यू, पॅड टाकलेत तर ते थेट शेतात निघतात. शहरात फ्लश वाढले, त्यांच्यासाठी बोअर वाढल्या. होमस्टेमध्ये कोरडाच वापरा, एवढी विनंती.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरली. बरं, हवा.

लेह ३,५०० मीटरवर, तिथे ऑक्सिजनचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाहून थोडा कमी. विमानाने थेट उतरलात तर पहिले ४८ तास विश्रांती, शांती स्तूपाच्या पायऱ्यासुद्धा नकोत. पुढे झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. डायमॉक्स, म्हणजे उंचीचा त्रास टाळायची गोळी, साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आदल्या दिवसापासून, पण डॉक्टरांना विचारूनच. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. डोकेदुखी आणि मळमळ असेल तर आहात तिथेच थांबा. बसल्या जागी धाप लागली, किंवा पावलापुढे पाऊल टाकून सरळ रेषेत चालता येईना, तर रात्र असो की दिवस, लगेच खाली उतरायचं.

इथे नकाशा नीट बघा. लेहनंतर पहिला मुक्काम नुब्रा खोऱ्यात करा. मधली खारदुंग ला ही खिंड ५,३५० मीटरच्या वर आहे, तिथे रेंगाळू नका, पण नुब्रातलं दिस्कित गाव लेहपेक्षा खाली आहे. पँगाँग तलाव सव्वाचार हजार मीटरवर. तिथे रात्री कुणी आजारी पडलं, तर नेहमीच्या रस्त्याने लेहला उतरण्यासाठी आधी चांग ला ही खिंड चढावी लागते, तीही ५,३०० मीटरच्या वर. म्हणून पँगाँगची रात्र सहलीच्या शेवटी ठेवा, आणि ऑक्सिजनची टाकी गाडीत आहे का, ते लेहमध्येच उघडून बघा.