छपराखालचा पूल

अमेरिकेत कनेटिकट नदीच्या एका काठावर न्यू हॅम्पशायरमधलं कॉर्निश, पलीकडे व्हरमाँटमधलं विंडसर. मधे हा १८६६ सालचा लाकडी पूल. लांबी जवळपास ४५० फूट, आणि एवढ्या लांबीला नदीत खांब एकच. याच ठिकाणचे आधीचे तीन पूल पुरात वाहून गेले होते.

पुलाला छप्पर कशाला? वाटसरू भिजू नयेत म्हणून, असं वाटणं साहजिक आहे. पण हे छप्पर लाकूड वाचवतं. पुलाचा सगळा भार दोन्ही बाजूंच्या लाकडी कैच्या, म्हणजे लाकडं एकमेकांना जोडून केलेले सांगाडे, पेलतात. त्या उघड्यावर असल्या की पाणी नेमकं सांध्यांत मुरतं. तिथे वारा लागत नाही, ओल सुकत नाही, बुरशी धरते आणि काही वर्षांतच सांधा आतून भुसभुशीत होतो. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या आत राहिला, तर ही बुरशी वाढत नाही. छपराच्या फळ्या खराब झाल्या तर बदलता येतात. कैची बदलायची म्हणजे पूलच उतरवावा लागतो.

आता बाजूच्या कैचीची ही जाळी जवळून बघा. तिरप्या लाकडांनी एकमेकांना किती ठिकाणी छेदलंय! ही रचना वास्तुविशारद इथिएल टाउन यांची, पेटंट १८२०चं. त्यांच्या मूळ रचनेत साध्या फळ्या आणि ओकच्या जाड खुंट्या, बस्स. भल्यामोठ्या तुळया नकोत, गावातल्या सुतारालाही जमावं असं काम. एखादी फळी कमकुवत झाली तरी तिचा भार शेजारच्या फळ्या वाटून घेतात. या रचनेची खरी हुशारी इथे आहे. जेम्स टास्कर आणि बेला फ्लेचर यांनी हा पूल बांधताना फळ्यांऐवजी चौकोनी वासे घेतले, खाचा पाडून एकमेकांत बसवले. जुळवाजुळव आधी जवळच्या कुरणात केली, मग सगळं नदीवर चढवलं.

दारावर पाटी आहे: घोडे संथ चालीने न्या, नाहीतर दोन डॉलर दंड. दुडक्या चालीचा एकसारखा ठेका पुलाला हादरे देतो, सांधे ढिले करतो.

हिवाळ्यात अशा पुलांवर एक वेगळंच काम निघायचं. आत बर्फ पडत नसे, आणि घसरगाड्यांना तर बर्फच हवा. मग माणसं बाहेरचा बर्फ फावड्यांनी आत आणून पसरायची.

आग आणि पूर यांच्यापुढे मात्र छपराचं काही चालत नाही. स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नचा चौदाव्या शतकातला पूल १९९३ मध्ये बराचसा जळाला. पुढच्याच वर्षी तो पुन्हा खुला झाला. व्हरमाँटमधला बार्टन्सविलचा १८७० सालचा पूल २०११ मध्ये आयरीन वादळाच्या पुराने नेला. त्या जागी पुन्हा लाकडीच पूल बांधला गेला, टाउन यांच्याच जाळीचा, आणि २०१३ मध्ये त्यावरून वाहतूक सुरू झाली.