रात्रभर सवाई : ऐकणाऱ्यांच्या आठवणी

(दृश्य: मुकुंदनगरचं मैदान, दुपारचं ऊन, मांडवाच्या गेटवर रांग)

डिसेंबर महिना, पुणं, आणि गेट उघडायच्या कितीतरी आधी लागलेली ही रांग. प्रत्येकाच्या खांद्यावर शाल, पिशवीत थर्मास आणि घडी केलेली चादर. सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव हे या शास्त्रीय संगीत महोत्सवाचं पूर्ण नाव, पण इथं येणारे सगळे नुसतं सवाई म्हणतात. आत सोफे आहेत, खुर्च्या आहेत, पण या रांगेतली माणसं भारतीय बैठकीवाली, म्हणजे खाली मांडी घालून बसणारी, आणि गेट उघडलं की ही वयस्कर मंडळी ज्या स्पीडने पुढची जागा धरायला निघतात ना, ते बघाच.

यांना आम्ही एकच विचारलं, आजवर ऐकलेली सगळ्यात भारी मैफल कुठली? कॅमेऱ्यासमोर उत्तरं वेगवेगळी आली, गायकांची नावं वेगळी, राग वेगळे, पण बहुतेक सगळे शेवटी एकाच गोष्टीवर येऊन थांबले : ती रात्रीची होती.

(दृश्य: ग्रीनरूम, तानपुरे जुळवणं)

स्टेजच्या मागे आता हे चाललंय. हे मिरजेचे तानपुरे. खालचा भोपळा सोलापूर जिल्ह्यातल्या शेतातला, वाळवून कडक केलेला, वरची दांडी लाकडाची, आणि मिरजेत हे काम दीडशेहून जास्त वर्षं पिढ्यानपिढ्या चालू आहे, 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालं. बघा, चारच तारा. पहिली पंचमात, म्हणजे ‘प’ला, मधल्या दोन जोडीच्या षड्जात, म्हणजे ‘सा’ला, शेवटची खर्जाची, म्हणजे खालच्या ‘सा’ची. रागात पंचम नसेल तर पहिली तार मध्यमात (‘म’) किंवा निषादात (‘नी’) लावतात. खुंटी पिळून ढोबळ सूर लागतो, मग खालचा मणी सरकवून बारीक, आणि मग घोडीवर तारेखाली हा दोरा जातोय ना, त्याला जीव म्हणतात, तो केसभर इकडे-तिकडे झाला की आवाज एकदम उघडतो, भरून येतो, तीच जवारी. थंडीत आणि स्टेजवरच्या लाइटच्या गरमीत तारा सारख्या उतरतात-चढतात, त्यामुळे इथे लावून झालेला तानपुरा स्टेजवर परत लावावा लागतो. बाहेर हजारो लोक बसलेत तरी इथे कुणी घाई करत नाही, आणि जुने श्रोतेही कधी कुरकुर करत नाहीत. एक आजी म्हणाल्या की त्यांची मैफल तर तानपुरे लागतानाच चालू होते.

(दृश्य: जुन्या कृष्णधवल फोटोंचं प्रदर्शन)

आता थोडं मागे जाऊ. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजेच सवाई गंधर्व, किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य. गाण्याच्या ओढीने लहानपणी घर सोडून पळालेले भीमसेन जोशी फिरत फिरत शेवटी यांच्याकडेच शिकायला राहिले. गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर हे त्यांचे गुरुबंधू-गुरुभगिनी. 1952 च्या सप्टेंबरमध्ये रामभाऊ गेले, आणि पुढच्याच वर्षी, 1953 मध्ये, भीमसेनजींनी आणि रामभाऊंचे जावई डॉ. नानासाहेब देशपांडे यांनी मिळून पुण्यात पुण्यतिथीचा कार्यक्रम सुरू केला. आर्य संगीत प्रसारक मंडळ तेव्हापासून तो चालवतंय. भीमसेनजी स्वतः कलाकार ठरवायचे, स्वतः सगळीकडे लक्ष घालायचे, आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांचं झाल्यावर मग स्वतः गायला बसायचे. एवढा मोठा गवई गुरूसाठी वर्षानुवर्षं मांडवात राबतो, मला तर हे त्यांच्या गाण्याइतकंच मोठं वाटतं.

(दृश्य: रमणबागेच्या मैदानाचा फोटो, रात्र, गच्च भरलेला मांडव)

हा फोटो रमणबागेचा. कितीतरी वर्षं सवाई इथंच झालं. आणि ही वेळ रात्रीची आहे, कानटोप्या बघा, रजया बघा, मागे कोपऱ्यात झोपलेली पोरं बघा. संध्याकाळी पूरिया किंवा मारवा, मग यमन, जेवणवेळ टळली की बागेश्री, मग मालकंस, दरबारी, आणि असं करत करत रात्र उतरायला लागली की ललत, आणि उजाडता उजाडता तोडी. राग त्याच्या वेळेला. कुणी समजावून सांगायची गरज नाही, थंडी आणि अंधारच सगळं सांगायचे. सांगलीहून येणारे एक काका आहेत, ते म्हणाले की पहाटे ललत चालू होता, मांडवाच्या कडेने उजेड आत यायला लागला, आणि गाणारा शुद्ध मध्यमावरून तीव्र मध्यमावर गेला तेव्हा शेजारच्या अनोळखी माणसाने त्यांचा हात धरला. नाव-गाव विचारायचं राहून गेलं म्हणाले. पुढचं तुम्ही त्यांच्या चेहऱ्यावरच बघा.

(थांबा. काकांचा क्लोजअप, निवेदन नाही)

दस्तूर बुवांची आठवण पुष्कळ जणांनी काढली. मुंबईचे पारशी, आणि आवाज इतका मऊ की त्यांचं ख्याल गायन झालं की ‘गोपाला’ची फर्माईश ठरलेलीच. गंगूबाईंचा तो भरदार, जवळजवळ पुरुषी आवाज ज्यांनी समोर बसून ऐकलाय ते अजून त्याबद्दल बोलताना स्वतःचाही आवाज खाली आणतात. आणि मग भीमसेनजी. 2007. तब्येत साथ देत नव्हती, मधे बराच काळ ते गायले नव्हते, आणि त्या वर्षी सवाईच्या स्टेजवर बसून ते गायले. जाहीर कार्यक्रमातलं त्यांचं ते शेवटचं गाणं. ज्या मांडवासाठी त्यांनी चोपन्न वर्षं दिली, तिथेच. जे तिथे होते त्यांना तान कशी होती असं आम्ही विचारलंच नाही, ते बोलत होते ते भीमसेनजींच्या तिथे असण्याबद्दल.

पहाटे सगळं संपलं की सवाई गंधर्वांची भैरवीची जुनी रेकॉर्ड लावायचे. आजही महोत्सव त्याच रेकॉर्डने संपतो, फक्त आता ती रात्री वाजते.

2000 चे आवाजाचे नियम आले, रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद, आणि रात्रभराचं सवाई संपलं. वर्षातल्या मोजक्या दिवसांना बारापर्यंतची सूट मिळते, त्यातला एखादा सवाईच्या वाट्याला येतो. 2018 मध्ये मैदानही बदललं, रमणबागेहून मुकुंदनगरला.

(दृश्य: मांडवातली तरुण पोरं, मोबाइल खाली ठेवून ऐकणारी)

या मुलांनी मांडवात बसून पहाटेचा ललत कधी ऐकलेला नाही, त्यांच्यासाठी तो यूट्यूबवरचा राग आहे.

पण नियम उघड्या मैदानासाठी आहे, बंद सभागृहाला तो तसा लागू नाही. कोलकात्यात नजरुल मंचावर डोव्हर लेनची संगीत परिषद जानेवारीत अजूनही रात्रभर चालते, मुंबईत सकाळी साडेसहाला प्रातःस्वर नावाच्या मैफली होतात आणि त्या वेळेलाही लोक येतात. पुण्यात सभागृहं आहेत, गाणारे आहेत, आणि ऐकणारे तर हे समोर बसलेत. सवाईच्या पाच दिवसांतली एक रात्र आत घ्या, फक्त एक, हे आम्हाला एकाने नाही, बैठकीतल्या कितीतरी जणांनी सांगितलं, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी जानेवारीची कोलकात्याची तिकिटं आधीच काढून ठेवलीत.