लकडी पुलावर अर्धं पाऊल डावीकडे

नमस्कार श्रोतेहो.

मागच्या जुलैत मी लकडी पुलावर कठड्याला खेटून उभा होतो. हातात एक जुना काळा-पांढरा फोटो, गळ्यात कॅमेरा. तासभर मी अर्धं पाऊल डावीकडे, अर्धं उजवीकडे असा सरकत होतो. शेवटी एका आजोबांना राहवलं नाही. "काय हरवलंय?" म्हटलं, "जागा हरवलीय." ते म्हणाले, "मग पोलिसांत वर्दी द्या," आणि पुढे गेले. पुणं आहे हे!

फोटो होता पानशेतच्या पुरानंतरचा. १२ जुलै १९६१. आंबी नदीवरचं पानशेत धरण मातीचं. काम पुरं झालेलं नसताना त्या पावसाळ्यात पाणी अडवलेलं, आणि पाणी सोडायच्या मोरीच्या काँक्रीटमध्ये सळया नव्हत्या. आदल्या रात्री जवान वाळूची पोती रचत होते. सकाळी पानशेत फुटलं, दुपारी खालचं खडकवासला फुटलं. लकडी पूल बुडाला, नारायण, शनिवार, कसबा या पेठांत पाणी शिरलं. आणि गंमत बघा, ज्या शहरात पाण्यानं घरं पाडली, त्याच शहराचे नळ कोरडे पडले, कारण पाणी यायचं ते खडकवासल्यातूनच.

आता हा फोटो जिथून काढला, नेमक्या तिथूनच पुन्हा काढायचा, एवढाच माझा उद्योग. ऐकायला सोपं वाटतं. पण फोटोत जवळचा एखादा खांब आणि लांबचा एखादा कळस यांच्यात जेवढी फट दिसते, तेवढीच तुम्हाला दिसली पाहिजे. पाऊल डावीकडे गेलं की फट बदलते. ती जुळली तरी काहीतरी चुकतंच होतं. दोन दिवसांनी उमगलं. त्या काळचे बरेच कॅमेरे पोटाशी धरून, वरून आत डोकावून फोटो काढायचे. म्हणजे तो फोटोग्राफर मला वाटत होता त्यापेक्षा दीड फूट खालून बघत होता. मी गुडघे वाकवले आणि सगळं जागेवर बसलं. फक्त जुन्या फोटोत जिथे मोकळं आभाळ होतं, तिथे आता मेट्रोचा मार्ग आडवा आला.

एक सांगतो. पुराचे फोटो म्हणून आपण जे बघतो, त्यात पाणी फारसं नसतंच. असतो तो चिखल. पाणी चढत असताना लोक जीव वाचवत होते, फोटो कोण काढणार? आता उलटं झालंय. खडकवासल्यातून पाणी सोडलं, भिडे पूल बुडाला, की अर्धं शहर मोबाइल घेऊन काठावर.

दुसरा फोटो नारायण पेठेतला. पडलेला वाडा, आणि चिखलात ओळीनं मांडून ठेवलेली भांडी. तिथे आज चार मजली इमारत आहे, खाली स्कूटर लावलेल्या. मी फोटो काढला, दोन्ही शेजारी शेजारी ठेवले, आणि मला ते फसवं वाटायला लागलं. बघणाऱ्याला वाटेल, वाडा पडला, इमारत झाली, संपलं. पण भांडी ज्यांची होती ती माणसं इथे आहेतच कुठे? अनेक पूरग्रस्त अर्धगोल पत्र्यांच्या निसेन हटमध्ये राहिले. गोखलेनगर, सहकारनगर या बाजूला त्यांच्या वसाहती झाल्या. पेठेतला माणूस टेकडीच्या पायथ्याशी गेला. तेव्हा तो अगदीच गावाबाहेरचा भाग. नदीकाठचा 'तेव्हा' जुळवायचा असेल तर 'आता' गोखलेनगरात जाऊन शोधायला हवा, असं माझं मत झालंय.

म्हणून मी तिथे गेलो. आणि अडलो. लकडी पुलाचे फोटो मला मिळाले, पेठांचे मिळाले. त्या हटांचा, दारात उभ्या असलेल्या माणसांचा एकही हाती लागला नाही. पडलेलं घर बघायला कॅमेरे येतात. पत्र्याखाली मांडलेल्या नव्या चुलीकडे कोण येणार?

तेव्हा श्रोतेहो, तुमच्या घरी, माळ्यावर, ट्रंकेत, लग्नाच्या अल्बमच्या मागच्या पानात, असा एखादा फोटो असेल तर आकाशवाणीच्या पत्त्यावर कळवा. मागे काय दिसतं ते लिहा, टेकडी, झाड, पाण्याचा नळ, काहीही. आणि घरातल्या कुणाला आठवत असेल, तर तो कॅमेरा पोटाशी धरला होता की डोळ्याशी, तेवढं जरूर विचारून ठेवा.