उजवीकडून डावीकडे
(लघु माहितीपटाचं निवेदन)

[अंगणात पडलेला दगडी घाणा. भोवती गवत.]

या घाण्याला शनिवारी बैल जुंपत नसत. कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडातल्या गावांतून तेल गाळणारी ही माणसं. गावानं त्यांचं नाव ठेवलं ‘शनिवार तेली’. शनिवारीच सुट्टी का, ते गावाला ठाऊक नव्हतं. खरं तर त्यांनाही नीट सांगता आलं नसतं.

[नवगावचा किनारा. ओहोटी.]

इथे नवगावपाशी जहाज फुटलं आणि सात पुरुष, सात बायका तेवढ्या वाचल्या, असं बेने इस्राएल या कोकणातल्या ज्यू समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. ग्रंथ समुद्रात गेले. राहिलं ते अंगवळणी पडलेलं: शनिवारचा विसावा, आठव्या दिवशी मुलाची सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम. आणि एक ओळ. ‘शेमा यिस्राएल’, ऐक, इस्राएला. बारसं असो, लग्न असो, मयत असो, हीच ओळ म्हणायची.

[अलिबागचा मासळीबाजार. पाटीत पापलेट, मुशी, कोळंबी.]

मग कधीतरी दाविद राहाबी नावाचा एक ज्यू पाहुणा आला. कधी, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कुणी त्याला हजार वर्षं मागे नेतं, कुणी अठराव्या शतकात आणतं. गोष्ट मात्र सगळ्यांची एकच. त्यानं बायकांपुढे मासळी ठेवली आणि रांधायला सांगितलं. त्यांनी पर आणि खवलं असलेली तेवढी उचलली, बाकीची बाजूला सारली. तोराचा, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाचा, नियम हाच. हे ज्यूच, अशी राहाबीला खूण पटली. झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर या घराण्यांतल्या तिघांना त्यानं शिकवून तयार केलं. लोक त्यांना काजी म्हणू लागले.

[वऱ्हांडा. आजोबा, नातू. पाटावर उघडं पुस्तक. बोट उजवीकडून डावीकडे सरकतं.]

शिकणं म्हणजे नेमकं काय, ते इथे दिसतं. मुलाच्या हातातल्या छापील हिब्रू पुस्तकात अक्षरांखाली ठिपके आणि रेघा आहेत. ते स्वर. सिनेगॉग या ज्यू प्रार्थनामंदिरातल्या हेखालात, म्हणजे पवित्र कपाटात ठेवलेल्या चर्मपत्राच्या गुंडाळीवर, सेफेर तोरावर, यातलं काहीही नसतं. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी सगळं पुसून टाकलं तर कसं होईल? ‘कमल’ लिहिलंय, ते कमल, कमाल की कोमल, हे वाचणाऱ्यानं ठरवायचं. ठरवायला अर्थ कळायला हवा, आणि आधी कुणाच्या तरी तोंडून ऐकलेलं हवं. वाचायची चालही गुंडाळीत लिहिलेली नसते. पुस्तकातून तयारी करायची आणि वाचायचं गुंडाळीतून. तेरा वर्षांचा झाला की या मुलाला तेच करायचं आहे.

“आजोबा, चुकलं तर?”

“चुकलास की लोक जागच्या जागी ओरडतील. परत वाचायचं.”

[मुंबई. सॅम्युअल स्ट्रीट. जुन्या सिनेगॉगची पाटी.]

मांडवीतलं हे सिनेगॉग सामाजी हसाजी दिवेकरांनी, म्हणजे सॅम्युअल इझेकिएल दिवेकरांनी, १७९६ मध्ये बांधलं. समाजाचं मुंबईतलं पहिलं. बेने इस्राएल त्याला मशीदच म्हणत. इमारत झाली, पण गुंडाळी वाचणारा हवा ना! शिक्षक कोचीनच्या ज्यू समाजातून आले. आणि स्कॉटलंडहूनही, जरी त्यांचा हेतू वेगळा होता.

[हिब्रू मुळाक्षरांचं जुनं पान. कॅमेरा अगदी जवळ.]

मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले. बेने इस्राएल मुलांसाठी त्यांनी १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण काढलं, तेही मराठीतून. मुलं हिब्रू शिकली, बायबल वाचू लागली. ख्रिस्ती मात्र फार थोडे झाले. बाकीचे त्याच अक्षरांच्या जोरावर स्वतःचे प्रार्थनाग्रंथ उघडून बसले. विल्सनसाहेबांचे आभार मानायला हवेत; त्यांना ते आवडले नसते, एवढंच.

[हग्गादाची पानं. हिब्रू आणि मराठी. मग चित्र: जमिनीवर बसलेल्या, लुगडं नेसलेल्या बायका.]

आणि हे आमचं सगळ्यात आवडतं पान. १८७४, पुणे. वल्हांडण, म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटल्याचा सण; त्या रात्री वाचायचा ग्रंथ हग्गादा. मराठी भाषांतरकार मोझेस जेकब तळकर आणि ॲरन डॅनियल तळकर. त्याआधी १८४६ मध्ये मुंबईत शिळाप्रेसवर एक मराठी हग्गादा निघाला होता. पण हे चित्र पाहा. बेखमीर भाकरी करायला बसलेल्या या बायका मिसरातल्या वाटतात का? यांना आपण रोज पाहतो.

एकाच पुस्तकात हिब्रू उजवीकडून निघते, मराठी डावीकडून.

त्या रात्री घरातलं सगळ्यात लहान मूल विचारतं, ‘आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का?’ मूल नसेल तर मोठ्यांनी विचारायचं. माणूस एकटा असेल तर त्यानं स्वतःला विचारायचं. पुढे चार मुलगे येतात: शहाणा, दुष्ट, भोळा, आणि ज्याला विचारताच येत नाही तो. शहाण्याला उत्तरं ठाऊक असतात असं हग्गादा कुठेही म्हणत नाही. तो फक्त बारकाईनं विचारतो. चौथ्याशी बोलायला सुरुवात घरच्यांनी करायची.

राजपूरकर हे आडनाव मघाशी ऐकलंत. जोसेफ इझेकिएल राजपूरकर, १८३४ ते १९०५. हिब्रू प्रार्थनांची पुस्तकं त्यांनी एकामागून एक मराठीत आणली. ती घरोघरी गेली, आजीच्या ट्रंकेत राहिली. त्यातली काही आता नुसत्या बोटाच्या स्पर्शानं तुटतात. त्यांची छायाचित्रं घेऊन ठेवायला अजून वेळ गेलेली नाही.

[बायकांचं कीर्तन. टाळ. शब्द ‘अब्राहाम’, चाल ओवीची.]

(इथे निवेदन नको. पूर्ण कडवं ऐकू द्यावं.)

[विमानतळाचा जुना, कृष्णधवल फोटो.]

१९४८ नंतर बहुतेक घरं इस्राएलला गेली. तिथे त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली गेली. आंदोलनं झाली आणि १९६४ मध्ये तो वाद मिटला. भारतात आज सगळे मिळून काही हजार ज्यू आहेत. तिकडे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघालं.

[पुन्हा वऱ्हांडा. शुक्रवार. उन्हं कललेली.]

मुलगा आज तिसऱ्या ओळीपर्यंत आलाय. एका शब्दावर अडला. आजोबा सांगत नाहीत. थांबलेत.

घरात दिव्यात तेल घालताहेत. सूर्य मावळला की शब्बाथ, तोच शनिवारचा विसावा. लिहायचं नाही, विस्तव पेटवायचा नाही. कॅमेराही चालत नाही.

“एवढा शब्द होऊ दे,” आजोबा आम्हाला म्हणतात, “मग बंद करा.”

[मुलाचे ओठ. पडदा काळा.]