आधी वेलांटी, मग च

(गोव्यातल्या फोंड्याचा बाजार. दुपारची वेळ, शटर अर्धं खाली.)

हे माझ्या मामाचं दुकान. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, जत्रेतल्या नाटकांची हँडबिलं, बाराव्याची पत्रं. पाटीवर अजून 'डीटीपी' लिहिलंय, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावणं. आत भिंतीवर एक पिवळा पडलेला तक्ता आहे. ऑल्ट धरून कुठले आकडे दाबले की कुठलं जोडाक्षर उमटतं, त्याचा. मामाला सगळे आकडे पाठ. तक्ता शिकाऊ पोरांसाठी.

आता तो तक्ता निव्वळ भिंतीचे पोपडे झाकतो. मामाने पेजमेकर, ते पानं लावायचं सॉफ्टवेअर, सोडलं.

पेजमेकर १९८५ सालचं. त्याची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ साली आली. पुढे कंपनी इनडिझाइन या आपल्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या मागे लागली, मामा मात्र ७.० वरच राहिला. चालतंय ना, मग कशाला हात लावा?

(जुना मॉनिटर, जवळून.)

खरी गोची फॉन्टची होती. पडद्यावर 'श्री मंगेश प्रसन्न' दिसायचं, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरंच. फॉन्टने वरून देवनागरीचे मुखवटे चढवलेले. तीच फाइल दुसरीकडे उघडली की मुखवटे गळायचे आणि खाली टोप्या-शेपट्या लावलेली रोमन अक्षरं उरायची.

गोव्याला हे सोंग जुनंच. १६१६ साली सासष्टीतल्या राशोलला मिशनरी फादर स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं. ओव्या मराठी, लिपी रोमन. देवनागरीचे छपाईचे खिळेच नव्हते. पुढे खिळे आले, कंपोझिटर आले, संगणक आला, आणि मामाच्या हार्ड डिस्कवर मराठी पुन्हा रोमनच्या कपड्यांत जाऊन बसली.

चवथीच्या तोंडावर जुनं मशीन बसलं ते कायमचं. मी माझ्या लॅपटॉपवर लिबरऑफिस रायटर घालून दिलं. सोबत एक युनिकोड फॉन्ट, म्हणजे संगणकाच्या लेखीही देवनागरी ती देवनागरीच, आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड. खर्च शून्य.

"हे अर्ज लिहायचं सॉफ्टवेअर," मामा म्हणाला.

चुकीचं नव्हतं. चौकटी हव्या तशा नाचवता येत नाहीत. रंगीत पत्रिका तो आता दुसऱ्याकडे धाडतो. मला विचाराल तर त्या सोनेरी मोरांपासून सुटला.

जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणायला कन्व्हर्टरमधून काढल्या, तर रफार एकेक घर पुढे सरकलेले. प्रत्येक पत्रिकेत 'आशीर्वाद'चा 'आशीवार्द'. मामा आठवडाभर आशीर्वाद दुरुस्त करत बसला होता.

(कीबोर्डवर बोटं.)

सगळ्यात हट्टी निघाली ती बोटं. टाइपरायटरच्या पद्धतीत जसं दिसतं तसं टंकायचं: ऱ्हस्व वेलांटी डावीकडे, म्हणून आधी वेलांटी. इनस्क्रिप्टमध्ये जसं बोलतो तसं: आधी च, मग वेलांटी. आणि लग्नपत्रिकेत वधूवरांच्या नावाआधी काय येतं? 'चि.' मामाचं बोट सवयीने वेलांटीवर जायचं आणि पडद्यावर ठिपक्यांचा रिकामा गोल उमटायचा, वेलांटी डोक्यावर घेऊन. त्या गोलाला तो 'लाडू' म्हणतो.

एका शब्दाने मात्र त्याला जिंकलं. 'वऱ्हाडी'. पूर्वी त्यातल्या अर्ध्या र साठी तक्ता नाहीतर पाठांतर. आता नुक्त्याचा ऱ, त्याचा पाय मोडायचा, पुढे ह. पहिल्यांदा जमलं तेव्हा त्याने वऱ्हाडी, कुऱ्हाड, तऱ्हा, गिऱ्हाईक असे शब्द पानभर टंकले. ते पान अजून सेव्ह करून ठेवलंय.

परवा एका देवस्थानाच्या माणसाने विचारलं, आमच्या गावात गेल्या दहा वर्षांत कुठली नाटकं झाली, सांगता येईल? मामाने गावाचं नाव टंकून शोध दिला. एकेक हँडबिल वर येत गेलं. तो माणूस खुर्ची ओढून बसला. मामाने चहा सांगितला.

(सकाळ. शटर वर.)

आज चित्रीकरण सुरू असतानाच लग्नपत्रिकेचं काम आलं. मामाने चष्मा पुसला, बोटं ठेवली.

पडद्यावर लाडू.

"हे नको हां दाखवू," म्हणाला आणि बॅकस्पेस दाबली.