सी-हॉक आणि तडकलेला बॉयलर

नमस्कार श्रोतेहो. तापीमाय आपल्याकडून वाहत जाते आणि सुरतेपुढे समुद्राला मिळते. खान्देशाचं समुद्राशी नातं काय ते एवढंच. तरीही आज बोलायचं आहे ते समुद्रावरून उडणाऱ्या विमानाबद्दल, सी-हॉकबद्दल.

सी-हॉक हे ब्रिटनच्या हॉकर कंपनीचं लढाऊ जेट विमान. पहिला नमुना 1947 मध्ये उडाला. एक आसन, नाकात 20 मिलिमीटरच्या चार तोफा आणि रोल्स-रॉइसचं नीन इंजिन. गंमत धुराड्याची आहे. इंजिनाचा झोत शेपटीतून निघत नाही. तो दोन नळ्यांत विभागून पंखांच्या मुळाशी, दोन्ही बाजूंनी बाहेर पडतो. त्यामुळे मागच्या धडात इंधनाच्या टाकीला जागा मिळाली. पंख वर दुमडले की बारा मीटरचं विमान जेमतेम चार मीटरच्या रुंदीत मावतं. आपल्या नौदलाची 300 क्रमांकाची तुकडी 1960 मध्ये ब्रिटनमध्येच उभी राहिली. 18 मे 1961 रोजी लेफ्टनंट ताहिलियानी यांनी आपल्या जुन्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेवर पहिलं जेट उतरवलं. हेच पुढे नौदलप्रमुख झाले.

आता बॉयलर. 1970 मध्ये ‘विक्रांत’ मुंबईच्या गोदीत असताना बॉयलरच्या पाण्याच्या ड्रमना आतून भेगा पडलेल्या सापडल्या. वेल्डिंगने भागणार नव्हतं. दीपनगरच्या वीज केंद्रात किंवा भुसावळच्या जुन्या लोको शेडमध्ये ज्यांनी हात काळे केलेत, त्यांना ड्रमची भेग म्हणजे काय ते सांगायला नको. नवे ड्रम ब्रिटनमधून मागवले, पण ते येईपर्यंत बॉयलर पेटवायचेच नाहीत असा हुकूम निघाला. नौका महिनोन् महिने धक्क्याला बसून राहिली.

तिकडे पूर्व पाकिस्तान, म्हणजे आजचा बांगलादेश, धुमसत होता. ड्रम आले नव्हते. अखेर 1 मार्च 1971 रोजी बॉयलर पेटवले, तेही वाफेचा दाब कमी ठेवून. नौकेला ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याचे फेरे मिनिटाला 120 च्या वर न्यायचे नाहीत, असं ठरलं. एरवी 24-25 नॉटने धावणारी नौका 14 नॉटवर आली. 14 नॉट, म्हणजे तासाला 26 किलोमीटर. आपली एसटी याहून जोरात जाते.

वेग घटल्याने विमानाचं काय बिघडतं? ऐका. डेकखालच्या लांब सिलिंडरमध्ये वाफ सोडली की पिस्टन सुटतो आणि तारेच्या फासाने विमानाला पुढे फेकतो. हे झालं कॅटापुल्ट. त्याची वाफ येते त्याच बॉयलरमधून. म्हणजे दाब कमी, तर धक्का कमी. शिवाय विमानाला समोरून वारा लागतो. त्यातला अर्धामुर्धा निसर्ग देतो, उरलेला नौकेच्या धावण्यातून मिळतो. नौका मंद, तर वारा कमी. पुन्हा सांगतो: धक्काही कमी, वाराही कमी. अशा वेळी विमान हलकं करावं लागतं. बॉम्ब कमी करा, नाहीतर इंधन.

अशी नौका बंगालच्या उपसागरात गेली. 4 डिसेंबर 1971, सकाळी अकराची वेळ. आठ सी-हॉक साठेक सागरी मैलांवरून उडाली आणि त्यांनी पूर्व पाकिस्तानातला कॉक्स बझारचा विमानतळ झोडपला. दुपारी चितगाव. पुढचे काही दिवस तेच चाललं. 4 डिसेंबर आला की आपण कराचीवर हल्ला करणाऱ्या आपल्या मिसाइल बोटींचं कौतुक करतो, रास्तच आहे. पण मला विचाराल तर त्या बॉयलररूममधल्या माणसांना त्यातलं निम्मं तरी मिळायला हवं. आणि 2014 मध्ये ‘विक्रांत’ भंगारात काढली, तेव्हा निदान एक ड्रम तरी कुठल्या आयटीआयच्या दारात मांडायचा होता! पोलाद मोटारसायकलींच्या टाक्यांत गेलं. असो.

1983 मध्ये सी-हॅरियर आलं आणि सी-हॉक निवृत्त झालं. हॅरियर डेकच्या टोकाच्या चढावरून थोडं धावून उडायचं आणि सरळ खाली उतरायचं. त्याला ना तारेचा फास लागायचा ना वाफ. मग ‘विक्रांत’च्या डेकवरून ते कॅटापुल्टही काढून टाकलं.